वनमालाबाईचा गॅस

वनमाला राऊळच्या छातीत काय होतं हे ती सोडून अख्ख्या मुलुंड पूर्वेला ठाऊक होतं. गॅस. नवऱ्याला ठाऊक होतं, नणंदेला ठाऊक होतं, शेजारच्या बिऱ्हाडाला भिंतीपलीकडून ठाऊक होतं. नवघर रोडवरच्या औषधवाल्याला तर इतकं पक्कं ठाऊक होतं की ती दुकानाची पायरी चढायच्या आत तो पाण्यात फसफसणारी पुडी काउंटरवर ठेवून मोकळा व्हायचा. ती म्हणायची, "अहो, छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतंय, डाव्या हातात कळ उतरतेय." समोरचा विचारायचा, "रात्री काय खाल्लं होतं?" जसं काही बाईमाणसाला काळीज नसतंच, गळा संपला की थेट आतडं चालू.

बाई मुळूमुळू रडणारी नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. चोपन्न वर्षांची, कणकवलीकडची, आवाज असा की गव्हाणपाड्याच्या नाक्यावर कुणाला शिवी घातली तर नाहूरला एखादा निरपराध माणूस दचकावा. सासरा परळच्या गिरणीत होता. नवरा चंद्रप्रकाश मुलुंडलाच एका लेथच्या कारखान्यात होता. कारखाना गेला, तिथे टॉवर आला, आणि त्याच टॉवरच्या सोसायटीत आता चंद्रप्रकाश मॅनेजर म्हणून बसतो. म्हणजे खरंच, बसतो. घर चालतं ते वनमालेच्या हातावर, आणि तो हात रत्नप्रभाच्या खानावळीत शेगडीवर असतो.

रत्नप्रभा वेंगुर्ल्याची. वनमालेची आधी मैत्रीण, मग मालकीण. खानावळ एवढीशी, पण दुपारी बाहेर रांग. आत एक कायदा होता, आणि तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, सगळ्यांच्या हाडात भरलेला होता. बाहेरून ऑर्डर ओरडली, "दोन बांगडा, एक जादा भात!" की शेगडीवरून तितक्याच मोठ्याने उत्तर आलं पाहिजे, "घेतलं!" उत्तर आलं नाही तर ऑर्डर पोचलीच नाही असं धरायचं. एकदा कुणीतरी मनातल्या मनात ऐकून घेतलं होतं आणि लग्नघरच्या पाहुण्यांना नुसत्या सोलकढीवर बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून 'घेतलं'शिवाय तिथे पान हलत नव्हतं. वनमालेच्या जिभेला तर ते इतकं चिकटलं होतं की सत्यनारायणाच्या पूजेत भटजी म्हणाले, "हातात पाणी घ्या," तर ही खणखणीत "घेतलं!" म्हणाली आणि भटजींच्या हातून पळी पडली.

दुखणं यायचं ते मोठं पातेलं उचलताना, जिना चढताना आणि राग आला की. आणि राग तिला जेवणाइतक्याच नेमाने यायचा. तेवढ्यापुरतं सगळं आवळायचं, घाम फुटायचा, ती ओट्याला धरून उभी राहायची. पाच-दहा मिनिटांनी सुटायचं. मग उपदेश सुरू. ओवा खाऊन झाला, हिंग बेंबीला लावून झाला, जेवल्यावर वज्रासनात बसून गुडघ्याची वाट लावून झाली. नणंदेने नामस्मरण सुचवलं. गल्लीतल्या डॉक्टरने "ह्या वयात बायकांना होतं असं" म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती झोपली, आणि दुखणं तिच्याआधी उठलं. चंद्रप्रकाश पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "गॅस तो. माका म्हायत आसा." हा माणूस स्वतः आयुष्यभर ढेकर देत आला होता, त्यामुळे या विषयात आपला अधिकार आहे असं त्याला वाटायचं.

अशी तीन वर्षं काढली बाईने. शेवटी एका दुपारी सुरमई तव्यावर असताना ती मटकन खाली बसली ती उठेचना. सुरमईचा कोळसा झाला, तेव्हा कुठे रत्नप्रभाची खात्री पटली की प्रकरण गंभीर आहे. हायवेपलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी केली. मोठे डॉक्टर हसत बाहेर आले आणि म्हणाले, "अभिनंदन! हृदयाच्या रक्तवाहिन्या हायवेसारख्या मोकळ्या आहेत." हा सद्गृहस्थ संध्याकाळी त्या हायवेवर ऐरोली जंक्शनच्या ट्रॅफिकमध्ये कधी अडकलेला दिसत नाही, पण ते असो.

चंद्रप्रकाशने बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. बरोबरच आहे, बायको वाचली म्हटल्यावर माणूस पेढे वाटणारच. पण पेढ्यांचा बॉक्स संपायच्या आत वनमालेच्या छातीत पुन्हा कळ आली, आणि आता मात्र तिची खरी पंचाईत झाली. आधी ती निदान आजारी बाई होती. आता ती नाटकी बाई झाली. "अगो, नळ्ये साफ आसत म्हणान डॉक्टरानच सांगल्यान ना?" चंद्रप्रकाश म्हणायचा. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, मन रमवा कशात तरी." रत्नप्रभाने तिला शेगडीवरून उठवून खोबरं खवायला बसवलं. शेगडीवर एक नवी बाई आली, जी तिरफळं घाबरत घाबरत टाकायची आणि कालवणात पाणी न घाबरता ओतायची. वनमाला विळीवर बसून ते कालवण बघायची आणि तिच्या जिवाचा संताप व्हायचा. एक दिवस रत्नप्रभा जवळ येऊन हळूच म्हणाली, "वनू, कंटाळली असशील तर सरळ सांग गं. छातीचं निमित्त कशाला?"

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. दुखण्यापेक्षा जास्त लागलं. आयुष्यात तिने कामाला कधी पाठ दाखवली नव्हती, आणि तिला कामचुकार म्हणणारी बाई तिच्याच ताटात जेवणारी होती. त्या दिवशी ती घरी आली आणि मोरीत नळ सोडून मनसोक्त रडली. रडतानाही छातीत दुखलं, पण ते ती कुणाला सांगायला गेली नाही.

पुढच्या तपासणीला मोठ्या डॉक्टरांनी "स्ट्रेस घेऊ नका, मॉर्निंग वॉक करा" म्हणून तिला दोन मिनिटांत बाहेर काढलं. तेव्हा त्यांच्या मागच्या खुर्चीत बसलेली एक तरुण डॉक्टरीण तिच्या मागोमाग कॉरिडॉरमध्ये आली. तिचं नाव रुचिरा. ती याच विषयावर अभ्यास करत होती, की ज्या बायकांची अँजिओग्राफी साफ येते आणि तरी छातीत दुखतं, त्यांना नक्की होतं काय.

"काकू, जिना चढताना येतं का?"

वनमालेने तिच्याकडे संशयाने बघितलं. "येतं. तुम्ही पण ओवाच सांगणार असाल तर माझ्याकडे आहे."

रुचिरा हसली. "तुमच्या बिल्डिंगला पाणी कसं येतं?"

"सकाळी येतं. बोंबलत."

"समजा टाकीवरून येणारा मोठा पाइप साफ आहे. पण तुमच्या नळाला धार नाही. प्लंबर बोलावला तर तो काय म्हणेल?"

"म्हणेल काय! मेला मोठा पाइप ठोकून बघतो, साफ आहे म्हणतो आणि जातो." बोलता बोलता वनमाला थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "अगं बाई. म्हणजे मोठे डॉक्टर प्लंबर?"

"असं मी म्हटलेलं नाही," रुचिरा घाईघाईने मागे बघत म्हणाली. मग तिने समजावून सांगितलं. अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या वाहिन्या दिसतात. त्यांच्या पुढच्या केसासारख्या बारीक फांद्या दिसत नाहीत. त्या जर नीट उघडत नसतील तर मोठा पाइप कितीही साफ असो, हृदयाला रक्त पुरत नाही, आणि मग दुखतं. एमआरआयच्या मशीनमध्ये रक्ताचा फोटोच नव्हे, वेगही मोजता येतो. आधी निवांत असताना हृदयाचं रक्त किती वाहतं ते मोजायचं. मग एक औषध द्यायचं, ज्याने सगळ्या वाहिन्या उघडायला लागतात, आणि पुन्हा मोजायचं. चांगल्या हृदयात रक्त दुपटीतिपटीने वाढतं. नाही वाढलं, तर कुठे पाणी मुरतंय ते कळलं.

त्या रात्री जेवताना वनमालेने जाहीर केलं. समोर चंद्रप्रकाश होता, नणंद फोनच्या स्पीकरवर होती, आणि तिसऱ्यांचं कालवण घेऊन आलेली रत्नप्रभा दारात होती. "ही शेवटची तपासणी. ह्यात काही निघालं नाही तर मी पुन्हा जन्मात छातीचं नाव घेणार नाही. मरायला टेकले तरी सांगणार नाही. झालं समाधान?"

"सगळ्यांसमोर बोललंस हां," चंद्रप्रकाश कोलंबीचं डोकं चोखत म्हणाला.

बोलून गेली खरी, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ती हिशोब करत बसली. कारण नाही निघालं तर? दुखणं तर जाणार नव्हतं. फक्त ते सांगायचं दार बंद होणार होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं.

तपासणीच्या आदल्या दिवसापासून चहा बंद. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट, सगळं. चहा पोटात असला तर औषध लागू पडत नाही, असं रुचिराने निक्षून सांगितलं होतं. आता वनमालेला चॉकलेट-कोल्याचं सोयरसुतक नव्हतं, पण चहाशिवाय सकाळ म्हणजे काय, हे तिला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. डोकं ठणकायला लागलं. वर चंद्रप्रकाश तिच्यासमोर बसून बशीत ओतून फुर्रर्र करत प्यायला. "इकडे मी उपाशी मरतेय आणि तुम्ही माझ्यासमोर फुरके मारताय?" ती कडाडली. "चहा पिव नको म्हणान तुका सांगितलेनी, माका नाय," तो म्हणाला. मुद्दा बिनतोड होता. संध्याकाळी कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगवरून वारा आला आणि तिला त्या वासातही वेलची आल्यासारखी वाटली, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमआरआयच्या खोलीबाहेर विकी नावाच्या टेक्निशियनने तिला अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. मंगळसूत्र काढताना ती कुरकुरली. केसांतले आकडे काढले, जोडवी साबण लावून काढली. मग सेफ्टी पिना निघायला लागल्या. ब्लाउजच्या, पदराच्या, पदराच्या आतल्या पदराच्या, आणि एक अशीच, अडीनडीला म्हणून लावलेली. विकीने ट्रे पुढे धरला होता, तो बघतच राहिला. "मावशी, चुंबकाने तुम्हाला दारातूनच ओढून घेतलं असतं." "ओढू दे," ती म्हणाली, "निदान कुणीतरी ओढतंय." मग तिला पाठीमागून उघडा झगा मिळाला. त्या झग्याबद्दल ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नर्सने छातीवर वायरी चिकटवल्या, हाताला सलाइन लावलं, कानाला हेडफोन. हातात एक रबराचा फुगा दिला. सहन झालं नाही तर दाबायचा. मग ती पाठीवर झोपल्या झोपल्या बोगद्यात सरकली आणि आवाज सुरू झाला. ठकठक, मग ड्रिल, मग पायलिंग. मुलुंडमध्ये दर गल्लीत जुनी बिल्डिंग पाडून नवी चाललेली असते. तिला वाटलं, रीडेव्हलपमेंट आपला पिच्छा करत इथपर्यंत आलं.

"मावशी," कानात विकीचा आवाज आला, "श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा."

"घेतलं!" वनमाला ओरडली.

मशीन थांबलं. "मावशी, बोलायचं नाही हं. हलायचं पण नाही. पुन्हा करूया. श्वास घ्या. सोडा. धरा."

"घेतलं!"

"मावशी!"

"अरे मी नाही बोलले, आपोआप गेलं! चल, पुन्हा कर."

पुन्हा केलं. पुन्हा गेलं. काचेपलीकडे विकीने कपाळावर हात मारून घेतला. रुचिरा स्वतः आत आली आणि बोगद्याच्या तोंडाशी वाकली. "काकू, मला जिथे मोजायचं आहे ती वाहिनी पेन्सिलीपेक्षा बारीक आहे. तुम्ही बोललात की श्वास हलतो, श्वास हलला की हृदय खाली सरकतं, आणि मग मला हृदयाच्या जागी लिव्हर मिळतं. तुमच्या लिव्हरचं मी काय करू?"

वनमालेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलायचं नाही हे तिला काही समजत नव्हतं अशातला भाग नाही. पण हुकूम कानावर पडला की उत्तर तोंडातून बाहेर, मध्ये डोकं कुठे लागतच नव्हतं. तीन वर्षं जे कुणी मानलं नाही ते आज सिद्ध व्हायचं होतं, आणि आड येत होतं कोण, तर स्वतःचंच तोंड. "थांबा," ती म्हणाली. तिने झग्याची गळ्याजवळची नाडी ओढली आणि दातांत घट्ट धरली. "ऊं," तिने खूण केली. चालू करा. आणि त्या नाडीच्या जोरावर निवांतपणाचं मोजमाप एकदाचं पार पडलं. निवांत कसली, पण हृदयाने तेवढी दखल घेतली नाही.

"आता औषध," रुचिरा म्हणाली. तिचा आवाज गंभीर झाला होता. "छाती आवळेल. धाप लागेल, तोंड गरम होईल. काही मिनिटं फक्त. मी इथे खोलीतच आहे. नाहीच झालं सहन तर फुगा दाबा, लगेच बंद करते. पण काकू, जेव्हा सगळ्यात जास्त आवळेल तेव्हाच मला मोजायचंय. तेव्हा बोललात तर आकडा मिळणार नाही. आणि हे औषध मी उगाच पुन्हा देणार नाही."

वनमालेने नाडी दातांत धरून मान हलवली.

आधी गरम लाट आली. मग श्वास जड झाला. आणि मग ते आलं. तेच. छातीवर पाटा, पाट्यावर कुणीतरी बसलेलं, डाव्या खांद्यातून कोपरापर्यंत उतरणारी कळ. तिने झटका बसल्यासारखं तोंड उघडलं, आणि नाडी दातांतून सुटून बाजूला पडली.

आता बघा कशी वेळ आली. तीन वर्षं ही बाई ओरडत होती की दुखतंय, दुखतंय, आणि जेव्हा ओरडत होती तेव्हा कुणी बघत नव्हतं. आज पहिल्यांदा ते दुखणं भर दिवसा, डॉक्टरांसमोर, वायरी लावलेल्या असताना आलं होतं. काचेपलीकडे माणसं डोळे लावून बसली होती. तिला किंचाळून सांगायचं होतं, हेच ते! हेच ते मेलं, बघा, हे गॅस आहे काय? ते वाक्य तिच्या जिभेच्या शेंड्यावर येऊन नाचत होतं. आणि नेमक्या ह्याच वेळी, ते खरं ठरायला, तिला गप्प राहायचं होतं.

"श्वास घ्या," विकी म्हणाला. "सोडा. धरा."

तिने सोडला. धरला.

नवरा आठवला, पेपर आठवला. रत्नप्रभाचं 'निमित्त' आठवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून दोन्ही कानांत गेलं, हेडफोनच्या आत गुदगुल्या झाल्या, तिने तेही सहन केलं. हातात फुगा होता. बोटं त्याच्यावर नुसती टेकवून ठेवली होती. मशीन ठकठकत होतं आणि तिची जीभ टाळूला चिकटून होती, आणि तिला इतकं एकटं वाटलं की विचारू नका. पण ती बोलली नाही.

"झालं!" रुचिराचा आवाज आला. "काकू, सुंदर! औषध बंद केलंय."

मिनिटाभरात पाटा उतरला. आणि मग वनमाला राऊळ बोलली. मशीनमधून बाहेर सरकता सरकता जी बोलायला लागली ती पायात चपला घालेपर्यंत बोलतच होती. मोठ्या डॉक्टरांचा, गल्लीतल्या डॉक्टरांचा, औषधवाल्याचा, ओव्याचा आणि वज्रासनाचा तिने असा उद्धार केला की नर्स हसून हसून भिंतीला टेकली. शेवटी विकीने स्वतःच्या थर्मासमधला चहा तिच्यापुढे धरला तेव्हा ती थांबली.

पुढच्या आठवड्यात निकालाला चंद्रप्रकाशला सोबत न्यावंच लागलं, कारण रुचिराने तसं सांगितलं होतं. तो खुर्चीत टेकला आणि घड्याळ बघायला लागला. रुचिराने पडद्यावर करडी चित्रं दाखवली. हे हृदय, हा रक्ताचा वेग, ही निवांत असतानाची रेघ.

"औषधानंतर ही रेघ निदान दुप्पट वर जायला हवी होती," ती म्हणाली. "काकूंची जेमतेम अर्ध्याने वाढलीय. मोठ्या वाहिन्या साफ आहेत हे खरंच आहे. पण बारीक वाहिन्या उघडत नाहीत. हृदयाला रक्त कमी पडतं आणि म्हणून दुखतं. हे खरं दुखणं आहे."

चंद्रप्रकाश पडद्याकडे बघत राहिला. "म्हणजे गॅस नाही?"

"नाही."

"थोडासुद्धा?"

"थोडासुद्धा नाही, काका."

वनमालेने टेबलावर थाप मारली. टेबलावरचा रुचिराचा चष्मा उडाला. तिने तिथल्या तिथे फोन काढून रत्नप्रभाला लावला. "रत्ने! निघालं गं! खरं निघालं!"

"काय निघालं? लॉटरी?"

"हृदयाचा रोग!" ती आनंदाने ओरडली. बाहेर कॉरिडॉरमध्ये बसलेले पेशंट माना वळवून बघायला लागले. फोनवर शेगडी बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग रत्नप्रभा म्हणाली, "वनू, मी तुला काय काय बोलले गं." "बोललीस," वनमाला म्हणाली. "त्याचा हिशोब मी नंतर घेणारच आहे, तू काळजी करू नकोस." आणि फोन ठेवला.

रुचिरा गोळ्या लिहीत होती. रोजच्या कोणत्या, दुखलं की जिभेखाली कोणती ठेवायची, चालायचं किती, दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. मोठं पातेलं दुसऱ्याने उचलायचं. काळजी घेतली तर शेगडीवर उभं राहता येईल, पण दुर्लक्ष मात्र करायचं नाही, कारण दुर्लक्ष केलं तर हृदयावर ताण येतो. वनमाला मान डोलवत होती. डोलवता डोलवता तिची मान थांबली.

ते खरं आहे हे सिद्ध करायच्या भरात, खरं असलं तर पुढे काय, हा विचार तिने एकदासुद्धा केला नव्हता. ती भांडत होती ती जिंकायला. आणि जिंकून तिला मिळालं काय, तर हृदयाचा रोग. तिला भीती वाटली, साधी, लहान पोरीसारखी भीती. "म्हणजे मी मरणार काय गं?" तिने विचारलं, आणि आवाज असा बारीक निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"लगेच नाही, काकू," रुचिरा म्हणाली आणि तिचा हात धरला. "माझ्यासारख्यांना बराच त्रास देऊन मग."

खाली आल्यावर त्यांना रिक्षा मिळाली. दोघं शेजारी बसले. एरवी या वेळेपर्यंत चंद्रप्रकाशने रिक्षावाल्याला दोन रस्ते चुकीचे सांगितले असते. सिग्नलला रिक्षा थांबली. वनमाला बाहेर बघत होती, आणि बघता बघता तिला रडू फुटलं. पदर तोंडावर धरून ती गदगदून रडायला लागली.

चंद्रप्रकाश घाबरला. तो वळला, तिच्या पदराकडे हात नेला, मागे घेतला. मग म्हणाला, "वने. खंय दुखता गो?"

तिचं रडणं मध्येच थांबलं. तीन वर्षांत या माणसाने तिला कशाने दुखतं ते सांगितलं होतं, का दुखतं ते सांगितलं होतं, त्यावर काय खायचं तेही सांगितलं होतं. कुठे दुखतं, हे त्याने आज पहिल्यांदा विचारलं.

तिने त्याचा हात ओढला आणि भर रस्त्यात, भर उजेडात, स्वतःच्या छातीच्या मधल्या हाडाच्या जरा डावीकडे ठेवला. "हंयसर," ती म्हणाली. "हंयसर दुखता. किती दिवस सांगतंय."

चंद्रप्रकाशने हात तिथेच ठेवला. त्याचे डोळे भरून आले ते पुसायला दुसरा हात त्याला सापडेना. रिक्षावाला आरशातून टक लावून बघत होता.

"काय बघतोस रे मेल्या?" वनमाला कडाडली. "नवरा आहे माझा, आणि दुखतंय मला. तू समोर बघ!"

सिग्नल सुटला आणि रिक्षा नवघर रोडच्या दिशेने निघाली.